दत्तोबा आबा गैरहजर

आमच्या हायस्कुलाला दोन नव्या खोल्या झाल्या आणि माझी अन्नावरची वासना उडाली. खोल्यांचा यात दोष नाही. खोल्या चांगल्या होत्या. पत्रा नवा, फरशी नवी, फळा तर इतका काळा की त्यावर खडू टेकवायला जीव होईना. पण आपल्याकडे खोली नुसती बांधून भागत नाही, तिचं उद्घाटन व्हावं लागतं. उद्घाटन म्हटलं की मांडव आला, मांडव आला की माइक आला, आणि माइक आला की माझा घसा बाभळीच्या काट्यांनी भरतो.

हे १९९७ साल. अंथुर्ण्याजवळच्या त्या हायस्कुलात मी भूगोल शिकवत होतो आणि माझी परिविक्षेची दोन वर्षं जूनअखेर संपत होती. परिविक्षा म्हणजे सासरी पहिल्या वर्षी सून जशी वावरते तसं शाळेत वावरणं. सगळ्यांना पाणी द्यायचं आणि आपण शेवटी बसायचं. जूनअखेर माझ्या कागदावर स्कूल कमिटीचा शेरा आणि हेडसरांची सही पडली की मी कायम. नाही पडली की इंदापूरला वडिलांसमोर बसून रोज त्यांचं मौन ऐकायला मोकळा.

एप्रिलच्या शेवटी हेडसरांनी मला बोलावलं. हेडसर म्हणजे सहा फूट उंची, मिशा, आणि आवाज असा की नुसते खाकरले तरी आठवीचा वर्ग उभा राहायचा.

"समाधान सर, सोळा जूनला उद्घाटन. सूत्रसंचालन तुम्ही करायचं."

"सर, ते तर गुरुजी करतात."

"गुरुजी रिटायर झाले. एकोणीस वर्षं तेच करायचे. प्रास्ताविकही तेच करायचे." एवढं बोलून हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना गुरुजींची आठवण येत असावी असं मला वाटलं. "आता प्रास्ताविक मला करावं लागणार. ते अगदी शेवटी ठेवा. पाहुणे साडेअकराला पळसदेवला लग्नाला निघतील, तोवर वेळ कसा भरायचा तो तुम्ही भरा. आणि कार्यक्रम झाला की तुमच्या कागदाचं बघू."

प्रास्ताविक शेवटी ठेवायला सांगणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. पण परिविक्षेतला माणूस विचार करत नाही, मान हलवतो. मी हलवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बोलायला घाबरणं हा जवळजवळ गुन्हा आहे. इंदापूरच्या आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला बालवाडीतलं पोरसुद्धा माइकवर चढून पाच मिनिटं ठणकावून बोलतं. आमचे वडील भानुदास, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, दरवर्षी पाऊण तास बोलतात आणि लोक घड्याळ बघत नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा मात्र वयाच्या सहाव्या वर्षापासून सतरंज्या अंथरण्याचं खातं सांभाळून आहे. सतरंज्यांची माझ्याइतकी निष्ठेने सेवा त्या वस्तीत कोणी केली नसेल. शिवाय वर्गात मी घाबरत नाही. पन्नास पोरांपुढे मी हजेरी घेतो, मान्सून आणतो, परतवतो. पण पोरांच्या जागी मोठी माणसं बसली आणि मध्ये ती लोखंडी दांडी उभी राहिली की मला माझंच नाव आठवत नाही.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. मी राहायचो त्या खोलीच्या मालकीणबाई द्वारकाबाई म्हणाल्या, "मास्तर, म्होरं बसल्याली समदी मानसं म्हंजी म्हशी हायत्या असं समजायचं." मी म्हशींना त्याहून जास्त भितो, हे त्यांना सांगितलं नाही. मराठीचे सर म्हणाले, तोंडात गारगोट्या धरून बोला. गणिताचे सर म्हणाले, भीतीचे तीन समान भाग करा. शाळेच्या शिपायाने सगळ्यात व्यवहारी सल्ला दिला. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी आजारी पडा."

मी आजारी पडण्याची तयारी करत असतानाच बारामतीच्या बसस्टँडवर एक फलक दिसला. 'भीतीवर मात करा! तीन रविवार. प्रमाणपत्र मिळेल.' प्रमाणपत्र मिळतं म्हटल्यावर मी नाव घातलं. पुढेमागे कोणी विचारलंच, तर भीती गेल्याचा लेखी पुरावा असलेला बरा.

शिबिराला आम्ही अकरा जण होतो. एकाला विहिरीची भीती, एकाला सासऱ्याची, एका दूध डेअरीवाल्याला इन्स्पेक्टरची. शिकवणारे सर पुण्याहून यायचे आणि बोलताना सारखे टाचा उचलायचे. "मित्रांनो, भीतीला मारू नका! भीती म्हणजे डिझेल. अंगावर सांडलं तर भडका, टाकीत भरलं तर गाडी पळते." हे आम्हाला पटलं. पण गाडी कुठे उभी आहे ते त्यांनी सांगितलं नाही. गृहपाठ दोन होते. एक, आपल्या भीतीला माणसाचं नाव द्या आणि रोज तिच्याशी प्रेमाने बोला. दोन, ज्याची भीती वाटते ते रोज थोडं थोडं करा.

पहिला गृहपाठ सोपा वाटला. माझ्या लहानपणी आक्काबाई नावाची एक चुलत आजी होती. ती कधी ओरडायची नाही, नुसती बघायची. मी भीतीला तिचं नाव दिलं. रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून घ्यायचो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायचो. "या आक्काबाई. बसा. आज छातीवर नका बसू, खुर्चीवर बसा. मी तुम्हाला घालवत नाही. तुमचा मला उपयोग करून घ्यायचाय."

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर लिंबू, सात मिरच्या आणि गुलाल. पाचव्या दिवशी द्वारकाबाईंनी भाकरी दाराबाहेरूनच आत सरकवली. सहाव्या दिवशी बाईंचा निरोप मिळून दुपारच्या एस.टी.ने वडील हजर. आईने, म्हणजे ताईबाईंनी, बरोबर चिवडा पाठवला होता आणि डोळे पुसून पाठवला होता, असं वडील म्हणाले.

वडिलांनी दाराशी पडलेलं लिंबू उचललं, नीट बघितलं आणि पिशवीत टाकलं. सरबत होईल म्हणून. मग खुर्चीत, म्हणजे आक्काबाईच्याच खुर्चीत, बसले.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्यालं घर हाय आपलं," ते म्हणाले. "छप्पन साली आमच्या बापानं समदं देवघर मोकळं केलं. आन् तू हितं नवी बाई बसवतुयास?"

मी सगळं समजावलं. शिबिर, डिझेल, गृहपाठ. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस समोरच्याचं पूर्ण ऐकतो, कारण रांग लांब असते.

"नाव दिलंस, हितंच चुकलं," ते म्हणाले. "नाव दिलं की पत्ता लागतो. पत्ता पुरा असला की टपाल माघारी जात न्हाय, रोज येतं. त्यापरीस त्या भीतीला कामाला लाव. मोकळं बसलेलं कुणीबी तरासच देतं."

"काय काम लावू?"

"ते मला काय ठावं? मी काय भीत न्हाय," असं म्हणून ते पाच वाजताच्या गाडीने परत गेले.

दुसऱ्या गृहपाठासाठी माइक हवा होता. आमच्या भागात माइक म्हणजे म्हस्कू. कर्णे, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि कोणत्याही प्रसंगी न हलणारा चेहरा असा त्याचा संसार. आमच्या उद्घाटनाचा माइकही त्याचाच होता. माझी अडचण ऐकून तो म्हणाला, "सर, निरवांगीत लगीन हाय. आमचा बोलनारा गडी पडलाय खाटंवर, घसा बसला. मान्यवरांची यादी तेवढी वाचायची. कागूद बघून वाचायचं, वर बघायचंच न्हाय. भ्यायचं काय त्यात?"

आमच्याकडच्या लग्नात ही यादी म्हणजे काय असते ते बाहेरच्याला कळणार नाही. अंतरपाट धरलेला असतो, नवरा-नवरी घामाने भिजलेले असतात, भटजी घड्याळ बघत असतात, पण मंगलाष्टका सुरू होत नाहीत. कारखान्याचे संचालक, दूध संघाचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, चेअरमनचे मेहुणे, अशी सगळ्यांची नावं पदांसकट घेतल्याशिवाय कोणाचंही लग्न लागत नाही. मुहूर्त टळला तर चालतो, नाव टळलं तर चालत नाही.

मला यादी मिळाली ती चिठ्ठ्यांच्या रूपात. कोणी पत्रिकेच्या मागे लिहिलेलं, कोणी विडीच्या पाकिटावर, कोणी नुसतंच कानात येऊन सांगितलेलं. शिवाय टॉवेल-टोपीच्या मानकऱ्यांची चिठ्ठी त्यातच मिसळलेली.   अशा वेळी माणूस जे चांगलं येतं त्याचा आधार घेतो. मी मास्तर. मी मांडवाच्या कोपऱ्यात बसून सगळी नावं एका कागदावर सुवाच्य अक्षरात, वर्णानुक्रमे लिहून काढली. शुद्ध, निःपक्षपाती, शिक्षण खात्याला शोभेल अशी यादी. पदंबिदं अक्षर लागत नव्हतं म्हणून गाळली. काम इतकं नीटनेटकं झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. धोक्याची खूण होती ती, पण मला कळली नाही.

माइकसमोर उभा राहिलो. वर बघितलं नाही. कागदावर पहिलं नाव होतं, ते वाचलं.

"अंकुश."

आणि थांबलो. वर्गात थांबतो तसा.

अंकुश हा वऱ्हाडाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. टॉवेल-टोपीच्या चिठ्ठीतून वर चढलेला. कारखान्याच्या संचालकांच्या आधी आपलं नाव आलेलं ऐकून तो मांडवाच्या कडेला ताठ उभा राहिला आणि छातीतून ओरडला, "हजर!"

त्याचीही चूक नाही. मास्तरचा आवाज, नुसतं नाव, मग शांतता. दहा वर्षं शाळेत काढलेल्या कोणत्याही माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? पुढचं नाव घेतलं, "एकनाथ." "हजर!" "किसन." "हजर, सर!" "खंडू." "पानी प्यायला गेलाय सर!" मांडवातली साठ-सत्तर वर्षांची माणसं फेटे सावरून उभी राहत होती आणि बसत होती. आणि मला, खोटं कशाला सांगू, मजा येऊ लागली. आवाज मोकळा झाला. काटे गेले. मी वर न बघता पुढे निघालो.

"दत्तोबा."

शांतता.

"दत्तोबा?"

शांतता. मी वर्गात तिसऱ्यांदा हाक मारत नाही, तो माझा नियम आहे.

"दत्तोबा, गैरहजर," असं मी कर्ण्यातून निरवांगी आणि परिसराला कळवलं आणि धोंडीबाकडे वळलो.

धोंडीबा हजर म्हणाला नाही.  मांडवात भटजींच्या श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला तेव्हा मी पहिल्यांदा वर बघितलं. पहिल्या रांगेत मधोमध सोफ्यावर, गुलाबी फेट्यात, दत्तोबा आबा बसले होते. माझ्यापासून सहा फुटांवर. कारखान्याचे माजी संचालक आणि, हे मला म्हस्कूने वायर गुंडाळता गुंडाळता नंतर सांगितलं, आमच्या स्कूल कमिटीचे नुकतेच झालेले अध्यक्ष. ज्यांचा शेरा माझ्या कागदावर पडायचा ते. पदांशिवाय नुसतं 'दत्तोबा' अशी हाक त्यांना गेल्या तीस वर्षांत कोणी मारली नव्हती. ते पदांची वाट बघत होते.

आबा उठले. धोतराचा सोगा झटकला. नवऱ्याचा बाप पळत आला, "आबा, आवं जेवून तरी!"

आबा म्हणाले, "गैरहजर म्हनल्यावर बसून कसं चालंल?"

आणि निघून गेले. त्यांच्यामागे चाळीस माणसं न जेवता गेली. बुंदीची दोन घमेली तशीच राहिली.

म्हस्कूचा चेहरा तेवढ्यातही हलला नाही. "सर, तुमची भीती मेली का न्हाय त्ये ठावं न्हाय," तो म्हणाला, "पर तुमी मेला."

आठ दिवसांत 'गैरहजर' हा शब्द तालुक्यात फिरला. आबा डेअरीवर गेले की मागून कोणीतरी विचारायचं, "आबा, आज हायसा का?" आबांनी हेडसरांना निरोप धाडला, "त्या मास्तरचा शेरा मी सोता लिवनार हाय. आदी उद्घाटनाला बघतो, काय दिवं लावतोय त्ये." हेडसरांनी हा निरोप मला जसाच्या तसा वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा आता." मी बघत होतो. मला इंदापूरचं घर दिसत होतं.

आता भीतीने माझ्या अंगात बिऱ्हाडच केलं. पूर्वी ती माइकपुरती यायची, आता दात घासतानाही समोर उभी. तेव्हा मला वडिलांचं बोलणं पटलं. ही एवढी मोठी बाई रिकामी बसून राहण्यात अर्थ नव्हता. मी सायकल काढली आणि थेट आबांच्या वस्तीवर गेलो.

आबा म्हशींच्या गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. मी लांबूनच हात जोडले.

"कोन?"

"समाधान, आबा. हायस्कूलचा मास्तर."

"असं? हायस का तू? मला वाटलं गैरहजर हायस."

"चुकलं आबा. भ्यालो होतो. भीतीच्या पोटी हजेरी घेतली."

"भ्यालास? मग भिऊन मानूस हात जोडतो. तू तर माझा खाडा मांडलास की!" आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी सायकल त्यांच्या आणि माझ्या मध्ये आडवी धरून उभा होतो. "खरंच भितुयास व्हय रं?"

"व्हय आबा. अजून."

"कागूद आनलायस? लिव मग."

मी वही काढली. आबांनी त्यांची पदं सांगायला सुरुवात केली. कारखाना, सोसायटी, पाणीवाटप संस्था, तालीम, यात्रा कमिटी. एकूण चौदा झाली. चौदावं पद होतं, अठ्ठ्याहत्तर साली चेअरमन आजारी असताना एक दिवसाचे प्रभारी चेअरमन. "त्ये इसरू नगंस," आबा म्हणाले. "बाकीची समदी घेत्यात, त्ये कुनी घेत न्हाय." मग त्यांनी शेजारच्या वस्तीतल्या माणसाची पदं सांगितली. मग त्याच्या भावकीतल्या वैऱ्याची, जरा कमी करून. मी विचारलं, "यांच्यात आधी कोण?" तर म्हणाले, "त्ये मला इचारू नगंस. मला हितं ऱ्हायाचं हाय."

तिथून ती वही सुरू झाली. मे महिन्याच्या उन्हात मी सायकलवर गावोगाव हिंडलो. भीती सकाळी सहाला उठवायची. कुणाचं राहिलं तर? 'माजी'चा 'आजी' झाला तर? एक नाव तीन जणांकडून तपासून घेतल्याशिवाय ती मला पाणी पिऊ द्यायची नाही. एवढी काटेकोर बाई मी बी.एड.ला असताना भेटली असती तर पहिला आलो असतो.

नावं जमली, क्रम जमेना. हेडसरांना विचारलं, तर त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "क्रम मी तोंडी सांगणार नाही आणि लेखी तर मुळीच देणार नाही." मी इंदापूरला सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज करायला लावला, अर्जाला आवक क्रमांक दिला, आणि अठरा दिवसांनी उत्तर आलं. 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तथापि कार्यक्रमात या कार्यालयातील खालील सहा जणांची नावे घेण्यात यावीत.' खाली सहा नावं, पदांसकट. शेवटचं नाव त्या कारकुनाचं.

मी ती सहाही घातली. भितो तो कोणाला गाळत नाही. क्रमाचा प्रश्नही शेवटी भीतीनेच सोडवला. प्रत्येक नावाआधी लिहून टाकलं, 'ज्यांचं नाव खरं तर सर्वात आधी घ्यायला हवं होतं असे'. दोनशे चौदा माणसं, दोनशे चौदा पहिली.

सोळा जून उजाडला. मांडव भरला. आबा पहिल्या रांगेत, मधोमध, हाताची घडी घालून. हेडसर व्यासपीठावर टोकाच्या खुर्चीत, हातात अकरा पानांचं प्रास्ताविक. दहाला पाच मिनिटं असताना लाइट गेली. पंखे थांबले. माझ्या मनात आशेचा एक किरण डोकावला, पण म्हस्कू म्हणाला, "काळजी न्हाय सर, बॅटरीवर लावलाय."

माइकसमोर गेलो. घशात काटे होतेच. एक नाही कमी झाला. पण वही हातात होती, आणि त्या वहीतली प्रत्येक ओळ त्याच काट्यांनी लिहून घेतलेली होती. मी सुरुवात केली. आबांचं नाव घेतलं, चौदा पदं घेतली. चौदाव्याला आबांच्या हाताची घडी सुटली. मागून कोणी तरी म्हणालं, "आयला, अठ्ठ्याहत्तरचं बी!" मी पुढे निघालो. नावामागून नाव. माणसं आपलं नाव येईपर्यंत श्वास धरून बसायची आणि आल्यावर शेजाऱ्याकडे बघायची. शाळेच्या कार्यक्रमाला एवढी शांतता कधी नव्हती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दोनशे चौदावं नाव संपलं. पंचवीस मिनिटं उरली. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं, 'यानंतर आपले हेडसर प्रास्ताविक करतील,' आणि मी सुटलो असतो. कायम झालो असतो.

मी हेडसरांकडे बघितलं.

वारा नव्हता. पंखा बंद होता. त्यांच्या हातातला कागद मात्र हलत होता.

कपाळावरचा घाम मिशीत उतरत होता. नजर माइकच्या दांडीवर होती, आणि ती नजर मला ओळखीची होती. मी ती पंचवीस वर्षं आतून पाहिली होती. एकोणीस वर्षं गुरुजींना पुढे करून मागे सतरंज्या अंथरणारा माणूस समोर बसला होता. प्रास्ताविक शेवटी का ठेवायचं होतं, तेही आत्ता कळलं. वेळ संपून जावा म्हणून.

हेडसरांनी आयत्या वेळी बोलायचं टाळलं असं झालं असतं तर गाव हसलं असतं. मी त्यांची वेळ खाल्ली असं झालं तर आबा हेडसरांचा अपमान केला म्हणून माझा कागद फाडू शकत होते. एवढा हिशोब मी केला. मग वहीचं शेवटचं पान उलटलं.

तिथे यादी नव्हती. हिंडताना जे कानावर पडलं ते कोणाचं राहू नये म्हणून टिपून ठेवलं होतं. मी वाचू लागलो. खोल्यांसाठी मुरूम टाकणारे, पाण्याचा टँकर देणारे, विटा उतरवणाऱ्या सहा बाया. पाहुणे घड्याळ बघू लागले. पहिल्या रांगेतून एक आवाज आला, "आरं, हेडसरचं ऱ्हायलं की!"

 वहीत आता एक अक्षर उरलं नव्हतं. मी वही मिटली आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय माइकमध्ये बोललो.

"हेडसरांचं प्रास्ताविक अकरा पानांचं आणि फार मोलाचं आहे. ते घाईत ऐकणं हा त्याचा अपमान ठरेल. म्हणून त्याच्या प्रती काढून ते घरोघरी पोहोचवलं जाईल. आता मी सोनबा गवंड्यांबद्दल सांगतो."

सोनबा मागे उभे होते, चुन्याचे हात मागे बांधून. उत्तरेची भिंत बोटभर वाकडी आली होती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सोनबांनी सुट्टीच्या दिवशी येऊन ती स्वतःच्या हाताने पाडली आणि पुन्हा उभी केली, कारण पोरं त्या भिंतीकडे बघून रेघ सरळ मारायला शिकणार होती. हे मला शिपायाने सांगितलं होतं. मी ते सांगत गेलो. काटे होते, शब्द त्यांच्यामधून वाट काढत येत होते.  संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि सोनबांनी इकडेतिकडे बघून स्वतःही वाजवल्या.

साडेअकराला पाहुण्यांनी फीत कापली आणि ते पळसदेवकडे सुटले. एकही भाषण न होता संपलेला तो तालुक्यातला पहिला उद्घाटन समारंभ. लोक इतके खूष होते की चहा थंड होता हे कोणी बोललं नाही.

अर्ध्या तासाने मला ऑफिसात बोलावणं आलं. आबा खुर्चीत होते, समोर माझा कागद. त्यांनी शेरा लिहून पेन खाली ठेवलं आणि कागद माझ्याकडे ढकलला. अक्षर मोठं, ठाशीव. 'मास्तर भितो. म्हणून विसरत नाही. कायम करावा.'

"बरूबर हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

"बरोबर आहे, आबा."

आबा गेले. हेडसरांनी सही केली.   मग टेबलाच्या खणातून एक परिपत्रक काढलं.

"पंधरा ऑगस्टला यंदा पन्नास वर्षं होतायत," ते म्हणाले. "यात लिहिलंय, मुख्याध्यापकांनी स्वतः भाषण करावं. 'स्वतः'च्या खाली रेघ आहे."

"दोन महिने आहेत, सर."

"हं." ते उठले. "शाळा सुटल्यावर थांबाल का?"

पोरं गेल्यावर आम्ही नव्या खोलीत गेलो. चुन्याचा वास होता. हेडसर फळ्यासमोर उभे राहिले, मी शेवटच्या बाकावर बसलो. सहा फूट उंचीचा तो माणूस टेबलाची कड घट्ट धरून माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"समाधान सर," ते शेवटी हळूच म्हणाले, "तुम्ही जरा भिंतीकडं तोंड करून बसता का?"

मी बाकावर वळून बसलो. भिंत अगदी सरळ होती.  मागे कोणीतरी खाकरलं, आणि पहिलं वाक्य आलं.